पाय आणि चाक यांच्यामधलं अंतर

इलेक्ट्रिक स्पोर्ट्स कार घेतली म्हटलं की भेटणारा प्रत्येक जण आधी वेगाचं विचारतो. शून्य ते शंभर किती सेकंदांत? मग रेंजचं. एकदा चार्ज केली की किती जाते? मग चार्जिंगला लागणाऱ्या वेळाचं. एवढ्यात समोरच्याची लिफ्ट येते किंवा फोन वाजतो, आणि मला जे सांगायचं असतं ते तसंच राहून जातं. या गाडीने मला गाडी चालवण्याची नव्याने गोडी लावली आहे. त्या गोडीचा वेगाशी जेवढा संबंध आहे त्याहून जास्त माझ्या उजव्या पायाशी आहे. हे दोन मिनिटांत सांगून होत नाही, म्हणून लिहायला बसले. गाडी कुठल्या कंपनीची ते मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे येणारं बहुतेक सगळं या जातीच्या कुठल्याही चांगल्या गाडीला लागू पडतं. दोन टनांच्या आसपास वजन, पुढे एक मोटर, मागे एक, आणि रस्त्याला खेटून बसल्यासारखी बैठक. एवढी ओळख पुरे.

वेगाचं आधी उरकून घेऊ. शून्यापासून ताशी शंभर किलोमीटरला साडेतीन सेकंद, असं कागदावर लिहिलेलं असतं. नुसता आकडा वाचून काही कळत नाही. हिशेब मांडला तर त्याचा अर्थ असा निघतो, की ते साडेतीन सेकंद गुरुत्वाकर्षणाच्या साधारण चार-पंचमांश एवढं बळ आपल्याला मागे सीटमध्ये दाबत असतं. खाली ओढणारी पृथ्वी आणि मागे दाबणारी सीट यांच्यात जवळजवळ बरोबरीचा सामना होतो. डोकं हेडरेस्टला चिकटतं, खांदे मागे जातात, आणि छातीत एक पोकळी तयार झाल्यासारखं वाटतं. पहिल्यांदा हे अनुभवलं तेव्हा मी मोठ्याने हसले. विचार करायच्या आधीच हसू आलं होतं. शेजारी कुणी बसलं असेल तर मात्र आधी सांगते, फोन खाली ठेव, मान टेकव, मगच पाय दाबते.

ही नवलाई लवकर ओसरते, हेही सांगून टाकलं पाहिजे. सरळ, रिकाम्या रस्त्यावरचा तो दणका शेजारच्याला दाखवण्यापुरता उरतो. शिवाय वेग वाढत जातो तसा त्याचा जोरही कमी होतो. मोटर जितकी जोरात फिरते तितका तिच्याच वेटोळ्यांत उलटा विद्युतदाब तयार होतो, आणि बॅटरीला प्रवाह आत ढकलणं अवघड होत जातं. त्यामुळे उभ्या गाडीपासून शंभरपर्यंत जे राक्षसी वाटतं, ते दीडशेच्या पुढे बरंच माणसाळतं. पोर्शेने २०१९ मध्ये टायकान आणली तेव्हा मागच्या ॲक्सलवर दोन गतींचा गिअरबॉक्स दिला, त्यामागचं एक कारण हेच होतं. बाकी बहुतेक इलेक्ट्रिक गाड्या एकाच गिअरवर आयुष्य काढतात आणि त्यांचं काही अडत नाही.

जे ओसरलं नाही, उलट दर आठवड्याला वाढत गेलं, ते वेगळंच आहे.

पेट्रोलच्या गाडीत ॲक्सिलरेटर दाबल्यावर आत काय काय होतं ते पाहा. थ्रॉटलची झडप उघडते. जास्त हवा आत येते. ती मोजून तेवढं पेट्रोल सोडलं जातं, ते जळतं, पिस्टन खाली जातो, क्रँकशाफ्ट फिरतो, आणि तो जोर क्लच आणि गिअरबॉक्समधून चाकापर्यंत पोहोचतो. टर्बो असेल तर त्याला आधी धुराच्या झोताने फिरायला वेळ हवा. इंजिन पंधराशे आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला पंधराशे फेऱ्यांवर, रेंगाळत असेल तर गिअर उतरवायला हवा, नाहीतर ते कुरकुरतं आणि काहीच देत नाही. यातला एकेक विलंब छोटा असतो. पण सगळ्यांची बेरीज आपल्या अंगात मुरते आणि आपण एक सवय लावून घेतो. वळणातून बाहेर पडताना जो जोर लागणार तो आपण आधीच मागून ठेवतो. चांगले ड्रायव्हर याच कामात तरबेज असतात. अर्ध्या सेकंदानंतर काय लागेल हे त्यांच्या पायाला माहीत असतं.

मोटरला असं काही आगाऊ कळवावं लागत नाही. पाय हलला की इन्व्हर्टर बॅटरीतल्या डीसी विजेची तीन फेजची एसी करून वेटोळ्यांत सोडतो, चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि रोटर, म्हणजे मोटरचा फिरता भाग, ओढला जातो. हा सगळा कारभार काही मिलिसेकंदांत आटोपतो. इंजिनला बंद पडायचं नसेल तर उभ्या गाडीतही सातशे-आठशे आरपीएमवर फिरत राहावं लागतं, आणि त्याचा खरा जोर मधल्या किंवा वरच्या आरपीएमला मिळतो. मोटर मात्र शून्यावर, अगदी स्तब्ध असतानाही, पूर्ण टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, द्यायला तयार असते. मनात आलं आणि चाकाने केलं, या दोघांच्या मधली जागाच नाहीशी झाली आहे.

ही जागा नाहीशी झाल्याचा परिणाम मला सगळ्यात आधी जाणवला तो बहुमजली पार्किंगच्या गोल रॅम्पवर, ताशी दहाच्या वेगाने. अशा रॅम्पवर पूर्वी माझे दोन्ही पाय कामाला लागायचे. हाफ क्लच, थोडं पेट्रोल, पुढचा थांबला की ब्रेक, मागे सरकायची भीती, पुन्हा हाफ क्लच. आता उजव्या पायाचा चवडा नखभर पुढे गेला की गाडी नखभर पुढे जाते. चवडा जरा सैल केला की ती तिथेच थबकते. दोन टनांची वस्तू इतक्या बारीक अंतराने पुढे-मागे करता येते हे कळल्यावर मला कमालीचा आनंद झाला. स्पोर्ट्स कारच्या जाहिरातीत हे कुणी दाखवत नाही, कारण बाहेरून पाहणाऱ्याला त्यात काहीच दिसत नाही.

मग पावसात घाट आला. ओलं, उजवीकडे जाणारं, पूर्ण उलटं फिरणारं एक वळण होतं, वर चढण. अशा जागी वळणाच्या पोटात गाडी जवळजवळ रांगते आणि बाहेर पडताना जोर द्यावा लागतो. जास्त दिला तर मागची चाकं घसरतात, कमी दिला तर चढणीवर दम जातो. मी पाय इतका हळू दाबत गेले की बुटाच्या तळव्याखाली पेडलची स्प्रिंग जाणवत होती. डांबर चकाकत होतं, कडेने मातीचा पातळ ओघळ आडवा आला होता. त्या ओघळावर मागचं बाहेरचं चाक गेलं तेव्हा एक बारीक कंप बैठकीतून कमरेपर्यंत आला, स्टिअरिंग किंचित हलकं झालं, आणि मला कळायच्या आत मोटरने स्वतःच जोर कमी करून परत दिला. डॅशबोर्डवरचा दिवा एकदा लुकलुकला. इंजिनच्या गाडीत हेच ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे चाकं घसरू न देणारी यंत्रणा, ठिणगी तोडून आणि ब्रेक लावून काम करतं, त्यामुळे गाडी अडखळते. इथे अडखळणं नव्हतं. जोर ओसरला आणि भरून आला, आणि मी वळणातून सरळ बाहेर पडले.

हार्मोनियमवर एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना मधलं काही वाजवता येत नाही, सारंगीवर मात्र बोट तारेवरून घासत नेऊन मधली प्रत्येक जागा ऐकवता येते. गिअरच्या गाडीतून या गाडीत आल्यावर मला नेमकं तसं वाटलं. माझ्या पायाला मींड सापडली.

दादाला हे पटत नाही.

दादाने मला गाडी शिकवली ती कानाने. आरपीएमच्या काट्याकडे तो बघूच द्यायचा नाही. "अगं, आवाज खाली बसला ना, की थोडं पेट्रोल दे. रडायला लागली की गिअर उतरव. ती सांगते सगळं, तू ऐक." क्लच सोडताना इंजिनचा आवाज कुठे जड होतो ती जागा मला अजूनही झोपेत सापडेल. त्यामुळे ही गाडी सगळ्यात आधी त्याला दाखवायची होती, आणि तो काय म्हणेल याची धाकधूकही होती.

तो शेजारी बसला. मी बटण दाबून डी टाकला.

"कर की सुरू."

"झालीये, दादा."

"कशावरून?"

मी पाय हलवला आणि गाडी निघाली. तो काही बोलला नाही. मग रस्ता मोकळा मिळाल्यावर त्याला चालवायला दिली. त्याचा डावा पाय सारखा हवेत काहीतरी शोधत होता, आणि प्रत्येक वळणाआधी डावा हात गिअरच्या दिशेने जाऊन रिकामा परत येत होता. गाडी त्याने उत्तम चालवली, त्यात शंकाच नाही. थांबल्यावर म्हणाला, "हिला काही विचारावंच लागत नाही गं. सगळं देऊन टाकते. मग आपण करायचं काय?"

हा प्रश्न मी हलक्यात घेऊ शकत नाही. त्याच्या लेखी गाडी चालवण्याची सगळी कला त्या मधल्या जागेतच होती. वळणाआधी ब्रेक मारताना त्याच उजव्या पायाच्या कडेने ॲक्सिलरेटरला हलकासा धक्का द्यायचा, म्हणजे गिअर उतरवताना इंजिनचा वेग चाकांच्या वेगाशी जुळतो आणि मागची चाकं झटका न खाता रांगेत राहतात. हे जमायला लोकांना वर्षं लागतात, आणि जमलं की आयुष्यभर सोडत नाही. दादाला ते सुरेख जमतं. माझ्या गाडीत त्या कौशल्याला जागाच नाही. हे नुकसान खरं आहे, आणि इलेक्ट्रिकच्या उत्साहात ते नाकारणाऱ्यांशी माझं जमत नाही.

काही कंपन्यांनाही हे नुकसान टोचलेलं दिसतं. ह्युंदाईच्या आयोनिक ५ एनमध्ये आठ गिअरच्या गिअरबॉक्सचा आभास दिला आहे. स्टिअरिंगमागचं पॅडल ओढलं की मोटर मुद्दाम क्षणभर जोर तोडते, स्पीकरमधून इंजिनसारखा आवाज येतो, आणि गिअर बदलला नाही तर इंजिनच्या फेऱ्यांना मर्यादा घालणाऱ्या लिमिटरला आपटल्यासारखी गाडी अडते. हेतू मी समजू शकते. वळणात शिरताना आपण किती वेगात आहोत हे आवाज आणि गिअर यांवरून कानाला कळतं, डोळे रस्त्यावरच राहतात. ती खूण गेली की ड्रायव्हर काही काळ चाचपडतो. तरीही, जो अडथळा यंत्राच्या घडणीतून आला होता त्याची नक्कल त्या अडथळ्यातून सुटलेल्या यंत्रात बसवावी, हे मला रुचत नाही. माझ्या गाडीतला कृत्रिम आवाज मी पहिल्याच संध्याकाळी बंद केला. बाहेरचा आवाज मात्र बंद करता येत नाही, आणि येऊही नये. युरोपीय संघात १ जुलै २०१९ पासून नव्याने मंजूर होणाऱ्या इलेक्ट्रिक गाड्यांना कमी वेगात, ताशी २० किलोमीटरपर्यंत, आवाज काढणं सक्तीचं झालं. पायी चालणाऱ्यांसाठी, विशेषतः ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी, गाडी येत असल्याची तेवढीच एक खूण असते.

आत शांतता असली की कान दुसरीकडे वळतात. मला आता टायर ऐकू येतात. गुळगुळीत डांबर आणि खरखरीत डांबर यांचा आवाज वेगळा असतो. काँक्रीटच्या सांध्यांवर ठराविक ताल येतो. वळणात पुढचं बाहेरचं टायर पकडीच्या टोकाला आलं की आधी एक बारीक किणकिण सुरू होते, ती वाढली की समजावं, आता पुरे. इंजिनच्या आवाजाखाली हे सगळं आधीही चालूच होतं. "आवाज ऐक" हा दादाचा धडा मी अजून गिरवते आहे, फक्त आता बोलतात ते टायर.

गाडी घेतल्यावर जुना इतिहास वाचायला लागले तेव्हा लक्षात आलं, की विजेची वेगवान गाडी ही काही आजची टूम नाही. ताशी शंभर किलोमीटरचा टप्पा रस्त्यावर पहिल्यांदा ओलांडला तोच विजेच्या गाडीने. २९ एप्रिल १८९९ रोजी पॅरिसजवळच्या आशेर इथे कामीय जेनात्सी या बेल्जियन माणसाने 'ला जमे कॉन्तांत' नावाच्या टॉर्पेडोच्या आकाराच्या गाडीतून ताशी १०५.८८ किलोमीटरचा वेग गाठला. त्याच्याशी चुरस होती ती गास्तों द शास्लू-लोबा याची, आणि त्याचीही गाडी विजेचीच. वेगाचे सुरुवातीचे सगळे विक्रम या दोघांनी एकमेकांकडून हिसकावले. १९०२ मध्ये सर्पोलेच्या वाफेच्या गाडीने ते मोडले. छायाचित्रात जेनात्सी कंबरेपासून वर त्या टॉर्पेडोच्या बाहेर, उघड्यावर बसलेला दिसतो. गाडी वाऱ्याला चुकवायला टोकदार केलेली आणि माणूस मात्र वाऱ्याच्या तोंडी. त्याच्या पायाखालीही मधली जागा नव्हती. मोटर थेट चाकांना जोडलेल्या होत्या.

मग शतकभर हा धागा तुटल्यासारखा झाला. शिशाच्या बॅटऱ्या जड, पेट्रोल हलकं आणि ऊर्जेने ठासून भरलेलं. १९१२ मध्ये कॅडिलॅकने इलेक्ट्रिक स्टार्टर आणला आणि हँडल मारायचा त्रास संपला. विजेच्या गाडीची मोठी सोय विजेच्याच एका छोट्या मोटरने पेट्रोलला देऊन टाकली. धागा पुन्हा जोडला गेला तो लिथियम-आयन बॅटरीमुळे. ती १९९१ मध्ये सोनीने बाजारात आणली, कॅमेरे आणि पुढे लॅपटॉप तिच्यावर चालले, आणि तिच्यामागच्या संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. एसी प्रोपल्शन या छोट्या कंपनीने १९९७ मध्ये टीझीरो नावाची दोन माणसांची स्पोर्ट्स कार आधी शिशाच्या बॅटऱ्यांवर बनवली आणि नंतर तिच्यात लॅपटॉपच्या जातीचे सेल बसवले. गाडी हलकी झाली आणि तिची रेंजही खूप वाढली. टेस्लाच्या पहिल्या रोडस्टरची प्रेरणा तीच. २००८ ची ती रोडस्टर, लोटस एलिसच्या घडणीवर बेतलेली, ६,८३१ सेल एकत्र बांधलेली. वजन तेराशे किलोच्या आत-बाहेर. आजच्या गाड्यांपुढे ती फारच हलकी, आणि मला तिचा थोडा हेवा वाटतो.

कारण वजन ही या गाड्यांची खरी दुखरी बाजू आहे. एक किलो पेट्रोलमध्ये साधारण बारा युनिट ऊर्जा असते. एक किलो बॅटरीत, वेष्टनासकट, एका युनिटचा पाचवा-सहावा हिस्सा. मोटर नव्वद टक्क्यांच्या वर कार्यक्षम आणि इंजिन पंचवीस-पस्तीस टक्के, म्हणून ही दरी थोडी भरून निघते, पूर्ण भरत नाही. बॅटरी जमिनीलगत पसरलेली असल्याने गाडी वळणात झुकत नाही, आणि त्यामुळे वजन सुरुवातीला जाणवतच नाही. पण झुकली नाही म्हणून वस्तुमान कमी होत नसतं. डावं वळण आणि लगेच उजवं आलं की दिशा बदलताना ते दोन टन आपली हजेरी लावतात. स्टिअरिंग वळतं, नाक वळतं, आणि उरलेली गाडी किंचित उशिराने येते. ब्रेक लांबून मारावे लागतात. आणि टायर झिजतात, भराभर झिजतात. वजनही जास्त, टॉर्कही जास्त, सगळा भार रबराच्या तळहाताएवढ्या चार तुकड्यांवर. हे तुकडे कसे वाचवायचे हे शिकणं म्हणजेच ही गाडी शिकणं, असं मला हल्ली वाटतं.

चार्जिंगबद्दल लोकांना जितकं कुतूहल असतं तितकं सांगण्यासारखं माझ्याकडे नाही. रात्री प्लग लावते, सकाळी काढते. रोजच्या वापराला ऐंशी टक्क्यांवर थांबवते, कारण बॅटरी काठोकाठ भरून ठेवणं तिच्या तब्येतीला चांगलं नसतं. लांबच्या प्रवासात फास्ट चार्जरवर दहा ते ऐंशी टक्के झपाट्याने होतात आणि शेवटचे वीस टक्के रेंगाळतात. सेल भरत आले की प्रवाह कमी करत न्यावाच लागतो, नाहीतर लिथियम सेलमधल्या ग्रॅफाइटमध्ये शिरायच्या ऐवजी त्याच्यावर साचायला लागतं. म्हणून ऐंशीला निघायचं आणि पुढे पुन्हा थांबायचं, यातच वेळ वाचतो. रेंजचं गणित वेगाने बदलतं. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे शंभरऐवजी एकशेतीसने गेलं तर दर किलोमीटरला हवा कापायला जवळपास सत्तर टक्के जास्त ऊर्जा लागते. हे पेट्रोलच्या गाडीलाही लागू होतंच, पण तिथे टाकीतला काटा इतक्या मोकळेपणाने बोलत नाही. इथे दर किलोमीटरची उधळपट्टी समोर पडद्यावर दिसते.

एक गोष्ट अजून मनात पूर्ण बसलेली नाही. ही गाडी रात्रीतून बदलते. एका सकाळी पडद्यावर सूचना होती, नवं सॉफ्टवेअर आलं आहे. त्यानंतर ॲक्सिलरेटरच्या पहिल्या टप्प्याची प्रतिक्रिया किंचित मऊ झालेली मला जाणवली. वाईट नव्हती, कदाचित आधीपेक्षा बरी होती. पण इतके आठवडे पायाने जे घोटलं होतं ते कुणीतरी दुरून हलवलं होतं. गाडी माझ्या मालकीची आणि तिचा स्वभाव दुसऱ्याच्या हातात, ही मालकी नव्या प्रकारची आहे. पेडलच्या प्रतिक्रियेसारख्या गोष्टीत बदल करण्याआधी चालवणाऱ्याला विचारलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

आता ब्रेकचं, म्हणजे खरं तर न मारलेल्या ब्रेकचं. पाय उचलला की मोटर उलटी जनरेटर होते, चाकं तिला फिरवतात, वीज बॅटरीत परत जाते आणि गाडी मंदावते. दोन टनांची गाडी शंभरच्या वेगात असताना तिच्यात जी गतिज ऊर्जा असते ती साधारण ०.२१ युनिट भरते. पूर्वी ही सगळी ऊर्जा ब्रेकच्या डिस्क तापवण्यात जायची. आता तिचा मोठा भाग परत येतो. हजार मीटर उंचीचा डोंगर चढायचा तर नुसत्या उंचीपायी जवळजवळ साडेपाच युनिट लागतात, आणि उतरताना त्यातला बराचसा वाटा परत मिळतो. घाट उतरून खाली येते तेव्हा माथ्यावर होती त्यापेक्षा बॅटरी दोन-तीन टक्के जास्त भरलेली असते. हे मी अनेकदा पाहिलं आहे आणि तरी प्रत्येक वेळी बघतच राहते. चढताना मोटरला विरळ हवेचाही फरक पडत नाही. फोक्सवॅगनच्या आयडी आर या शर्यतीच्या गाडीने २०१८ मध्ये पाइक्स पीकच्या १५६ वळणांच्या चढणीवर पहिल्यांदाच आठ मिनिटांच्या आत शिखर गाठलं, ७ मिनिटं ५७.१४८ सेकंदांत. ते शिखर ४,३०२ मीटरवर आहे. तिथे इंजिनं धापा टाकतात, मोटरला श्वासच लागत नाही.

थंडीत मात्र हे परत मिळणं आखडतं. गार बॅटरी वेगाने चार्ज करून घ्यायला तयार नसते, काठोकाठ भरलेली तर नसतेच नसते. त्यामुळे थंड सकाळी पाय उचलला की रोजच्यासारखी गाडी मंदावत नाही आणि खरा ब्रेक मारावा लागतो. काही गाड्या ही उणीव डिस्क ब्रेकने आपोआप भरून काढतात. माझी फक्त पडद्यावर कळवते. म्हणून अशा सकाळी पहिल्या वळणाच्या बऱ्याच आधी मी पाय उचलून अंदाज घेते.

दादाचा आणि माझा वाद सध्या याच मुद्द्यावर अडला आहे. स्टिअरिंगमागच्या पॅडलनी रीजन, म्हणजे पाय उचलल्यावर मोटरने ऊर्जा परत घेत गाडी मंदावणं, कमी-जास्त करता येतं. मी ते पूर्ण ठेवते. एकाच पेडलवर वळणात शिरायचं, एकाच पेडलवर बाहेर पडायचं, आणि पायाखालची ती मींड दोन्ही दिशांना वाजवायची. दादा गाडीत बसला की आधी ते शून्यावर नेतो. पाय उचलला की गाडी मोकळी वाहिली पाहिजे, थांबवायचं असेल तेव्हा ब्रेकच्या पेडलनेच थांबवायचं, असं त्याचं म्हणणं. मुळात त्याला काहीतरी करायला हवं असतं, आणि ब्रेक नेमका कुठे, किती आणि कधी सोडायचा यात त्याला जुन्या कलेचा एक तुकडा परत सापडला आहे. गंमत म्हणजे गाड्या बनवणाऱ्यांतही हेच दोन पंथ आहेत. टेस्लात पाय उचलताच गाडी मंदावते, तर टायकानमध्ये पाय उचलला तर ती वाहत राहते आणि ब्रेकचं पेडल दाबल्यावर आधी मोटरच ऊर्जा परत घेते.

दादा भौतिकशास्त्रही पुढे करतो. ऊर्जा बॅटरीत परत घालायची आणि पुन्हा काढायची तर दोन्ही वेळा थोडी गळते, त्यापेक्षा गाडीला वाहू दिलेलं बरं. सपाट मोकळ्या रस्त्यावर त्याचं बरोबर आहे, आणि तिथे मी हल्ली त्याच्यासारखीच चालवते. पण घाटात वाहू द्यायला जागा असते कुठे? दर दीडशे मीटरवर वळण. तिथे ऊर्जा कुणीतरी अडवायलाच हवी, आणि डिस्कपेक्षा मोटरने अडवलेली चांगली. "मोटरच अडवते ना माझ्या पेडलनेही," असं तो म्हणतो, आणि तेही खरं आहे. म्हणून आता असं ठरलंय, की तोच घाट, तीच सकाळ, दोघांनी एकेकदा उतरायचा, तो त्याच्या पद्धतीने आणि मी माझ्या, आणि खाली आल्यावर पडद्यावरचे परत मिळालेले युनिट मोजायचे. दादाने एक अट घातली आहे, वेळही लावायची. ती मी मान्य केली आहे.